दाजींची बाटली

डल्सीताई,

पुन्हा तेच! चार ओळींचं पत्र आणि त्यात तीनदा ‘फॉन्स, दाजींकडून काहीतरी शीक’. तर घेतलं शिकून, आणि काय शिकलो तेच सांगायला बसलोय. आधी रीतीप्रमाणे नमस्कार. तुझी पाठ, सासूबाईंचा खोकला आणि कुंपणावर वाळत घातलेला मासा, सगळं ठीक असेल अशी आशा करतो (माशाची काळजी जास्त). मी इथे अल्बर्टात तेलाच्या खाणीवर टिकून आहे. वर्षातली तिसरी नोकरी आहे, पण टिकून आहे.

तुला माहीत नसेल, इथे कंपनी अधूनमधून आमची लघवी तपासते, कुणी गांजा ओढलाय का बघायला. मी ओढतो (आईला सांगू नकोस, तिला माहीत आहे). म्हणून शेजारच्याच खोलीत राहणाऱ्या दाजींची मागून आणतो. कामगारांच्या अख्ख्या कॅम्पात त्यांच्याइतकी निर्मळ लघवी कुणाची नाही. दारू नाही, विडी नाही, रविवारी चर्चमध्ये वरच्या पट्टीत गाणं. आधी दहा मिनिटं उपदेश, मग बाटली. ती काखेत धरून कोमट ठेवायची, की काम झालं.

तर मागच्या महिन्यात स्वयंपाकघरातली नोरीन मला गाठून म्हणाली, “फॉन्स, मला क्लॅमिडिया निघालाय. तोंड काय बघतोस, जाऊन तपासून घे.” (संबंधांतून लागणारा रोग आहे तो, ताई.) नोरीनशी माझं काय, ते विचारू नकोस. होतं. कंडोमही होता, पण खिशात होता आणि खिशातच राहिला. दवाखान्यात कार्डिनल नावाच्या नर्सबाई होत्या. त्यांनी हातात डबी दिली आणि विचारलं, तासभरात लघवीला गेला नाहीस ना, पहिल्या धारेचीच लागते. आता ताई, डबी हातात आली की माझं डोकं बंद पडतं आणि सवय चालू होते. काखेत बाटली होतीच (त्याच आठवड्यात कंपनीची तपासणी होती). आत गेलो, दाजी ओतले, शीळ घालत बाहेर आलो.

चार दिवसांनी बाईंचा फोन: क्लॅमिडिया आहे, या. मी पलंगावर बसून आधी रडलो, मग देवाला वचनं द्यायला लागलो, आणि तिसऱ्या वचनाच्या अर्ध्यात आठवलं की ती लघवी माझी नव्हतीच.

इथे जरा थांब. खुर्ची घे. सासूबाई आसपास असतील तर पत्र पिठाच्या डब्यात टाक आणि त्या झोपल्या की वाच. (फोन केला असता, पण त्या दुसऱ्या खोलीतून रिसीव्हर उचलतात.)

मी बाईंकडे जाऊन सगळं कबूल केलं. त्या टेबलावर डोकं टेकून हसल्या. मग माझी खरी घेतली. स्वच्छ! (दोन आठवड्यांनी पुन्हा दिली, पुन्हा स्वच्छ. आता मूठभर कंडोम घेऊन फिरतो, वापरायच्या इराद्याने.) मग डोळे पुसून म्हणाल्या, “ज्याची आहे त्याला पाठव, आणि त्याच्या बायकोलाही कळू दे.” बहुतेकांना काही जाणवतच नाही म्हणे, ना जळजळ, ना दुखणं. बाईच्या पोटात मात्र आतल्या आत सूज धरते आणि पुढे मूल राहायला अडचण येते. वेळेत कळलं तर आठवडाभराच्या गोळ्यांत विषय संपतो. तुम्ही तीन वर्षं पाळण्याची वाट बघताय, हे मी त्यांना सांगितलं नाही.

दाजी आधी म्हणाले, “बाटली बदलली असेल रे कुणीतरी.” म्हटलं, “माझ्या काखेतून?” मग टोपी काढून कबूल झाले: फेब्रुवारीत, एडमंटन शहरात, एकदाच. (एकदाच म्हणणारे बाईंनी खूप पाहिलेत.) त्यानंतर ईस्टरला ते घरी येऊन गेले, हे तूच मोज. गोळ्या घेतल्यात. रविवारी तुला सांगायचं ठरलं, मी शेजारी उभा. वीस मिनिटं छताच्या गळतीवर बोलले आणि ‘जप गं’ म्हणून फोन ठेवला. म्हणून हे पत्र माझ्या गळ्यात.

तुझा उनाड, पण तपासलेला भाऊ,
फॉन्स

ता. क. बारा तारखेला दाजी घरी येतील. त्यांना आत घ्यायचं की समुद्रात ढकलायचं, ते तू ठरव. मी दोन्हीला हजर आहे. पण त्याआधी तपासून घे, काही होत नसलं तरी. दिवस गेल्याची शंका असली तर आधी सांग, गोळी वेगळी देतात. आणि दोघांच्या गोळ्या संपून आठवडा होईपर्यंत त्यांना सोफ्यावर झोपव.

ता. क. २. गांजा सोडला. शहाणपण आलं म्हणून नाही. आता भरवसा ठेवायचा कुणाच्या बाटलीवर?

ता. क. ३. गावातल्या दवाखान्यात जाऊ नकोस, खिडकीवर दाजींची आत्येबहीण बसते. लांब गँडर शहरात जा. तपासणी फुकट आहे. जायची-यायची टॅक्सी, गरम जेवण, आणि त्या दिवशी घरी परतावंसं वाटलं नाही तर एका रात्रीची खोली, असं सगळं धरून पाठवतोय: तीनशे चाळीस डॉलर.