वाणाचा साबण आणि आईची बरणी

मखमलाबाद, नाशिक
२७ जानेवारी २०००

ती. सौ. गोजराआक्काला धाकट्या नवसाचा एका हाताने नमस्कार. (दुसरा बांधलेला आहे. घाबरू नकोस, सांगते.) कळवणला थंडी किती आहे, दाजींचा खोकला थांबला का, कांद्यावर करपा पडला होता त्याचं काय झालं आणि तुझे गुडघे काय म्हणतात, ते सविस्तर कळव. आमच्याकडे सगळे सुखरूप आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. गुलाबाला भाव बरा मिळतोय. ह्यांची तब्येत छान आहे, अंग तर अगदी मऊ झालंय. त्या मऊपणाचीच सगळी भानगड आहे.

अक्षर वेगळं दिसलं असेल. उजवा हात कामातून गेलाय, चष्म्याची काच फुटलीय, म्हणून मी सांगतेय आणि दुसरं माणूस लिहितंय. लिहिणाऱ्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. (यातसुद्धा माझं नशीब बघ.) फोनच केला असता, पण तुमचा फोन दाजींच्या खताच्या दुकानात. तिथे बसलेलं अर्धं कळवण कान लावून ऐकणार आणि उरलेल्या अर्ध्याला जाऊन सांगणार.

तर मूळ मुद्दा म्हणजे माझी धाकटी जाऊ, उज्वला. तुला माहीतच आहे, दोन्ही भावांची घरं शेजारी आणि मध्ये कमरेएवढी भिंत. भिंत उंच करू या असं मी बांधकामाच्या वेळीच म्हणत होते, पण माझं कोण ऐकतंय! ही उज्वला पावसाळ्यानंतर पंचवटीत महिला मंडळाच्या वर्गाला जायला लागली. मी म्हटलं जाऊ दे, विणकाम शिकेल, दोन महिन्यांत कंटाळेल. पण बाईसाहेब साबण शिकून आल्या! आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय लुटलं, तर स्वतःच्या हाताने केलेले साबण. आत आपल्याच मळ्यातल्या गुलाबाच्या पाकळ्या. (आपल्याच म्हणजे दोघींच्या. गुलाबाची खुरपणी मी केली, पाकळ्या तिच्या साबणात गेल्या.) आळीतल्या बायका नुसत्या वेड्या झाल्या. अगं बाई, काय वास, अगं बाई, काय रंग! भागीबाई, जी माझ्या घरची तिळाची वडी खाऊन आजवर बरी म्हणाली नाही, ती साबण नाकाला लावून डोळे मिटून उभी. मी गेल्या वर्षी चहाची गाळणी दिली होती, आक्का. चांगली जाड जाळीची. आजही सगळ्यांच्या घरी चहा त्यातूनच गाळतात. पण गाळणी नाकाला लावून कोणी उभं राहिलं नाही.

तेही मी गिळलं असतं. पण दुसऱ्या दिवशी हे त्या साबणाने अंघोळ करून आले आणि माझ्यापुढे हात धरून म्हणाले, बघ, कसं मऊ लागतंय. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या हातच्या कुठल्या गोष्टीने ह्यांचं अंग मऊ झालं नाही! मला राग आला नाही. मी जळले. तुझ्यापाशी काय लपवायचं, पायापासून डोक्यापर्यंत जळले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी उठले आणि आळीभर आमंत्रण देऊन आले, रथसप्तमीला माझ्याकडे हळदीकुंकू, आणि वाण असं असेल की आयुष्यात कोणी बघितलं नसेल. आईलाही निरोप धाडला की मुद्दाम ये, चार दिवस राहा. म्हणजे आता परतीची वाटच बंद.

साबण करायचा हे ठरलं. उज्वलाला विचारायचं नाही हेही ठरलं. तसं मी भिंतीवरून बघून ठेवलं होतं. ती अंगणात बसून करते, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर दीपकभाऊजींचा फवारणीचा चष्मा, तोंडाला ओढणी, आणि समोर काय, तर जाड प्लॅस्टिकची बादली! बादली गं! जो साबण लोक तोंडाला लावणार तो बादलीत? मला तर हसूच आलं. म्हटलं, आपण करू ते स्वयंपाकघरात करू, स्वच्छ, काचेत.

काच का, तर त्यामागे माझा विचार होता. (मी विचार करत नाही असं घरात सगळ्यांना वाटतं.) कॉस्टिक सोडा धातूला खातो, हे तिनेच वाण देताना बायकांना मिरवून सांगितलं होतं. आता आपल्या घरात धातूला खाणारं दुसरं काय असतं? लोणचं! आणि लोणचं आपण कशात घालतो? आईने शिकवलंय तसं काचेच्या बरणीत. मग ज्या बरणीला आंबा-मीठ-मोहरीने वर्षानुवर्षं काही केलं नाही, तिला सोडा काय करणार? म्हणून मी लोणचं स्टीलच्या डब्यात काढलं आणि बरणी घासून-पुसून उन्हात ठेवली. कुठली बरणी ते विचारू नकोस.

सोडा रविवार कारंज्यावरून आणला. दुकानदाराने विचारलं, ताई, मोरी तुंबली का? मी म्हटलं, नाही हो, हळदीकुंकू आहे. तो माझ्याकडे बघतच राहिला. पुडी बांधताना एवढं मात्र म्हणाला की पाण्यात थोडा थोडा सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. ते मी पाळलं. थोडा थोडा हे तेवढं पाळलं नाही, कारण भिंतीपलीकडे उज्वलाचा आवाज यायला लागला आणि तिने डोकावायच्या आत मला उरकायचं होतं.

आणि काय सांगू आक्का, खाली गॅस नाही, काडी नाही, आणि पाणी आपलं आपण तापायला लागलं! लाकडी उलथन्याने ढवळते तर वाफा, नाकात झोंबणारा वास, बरणीला बोट लावलं तर चटका. आता हे तेलात ओतायचं तर आधी निवायला हवं. निववायचं कसं ते कुठल्याही बाईला विचार. दूध निववतो तसं. मी जर्मनची परात घेतली, त्यात रात्रीचं गार पाणी ओतलं (आमच्याकडे हल्ली पहाटे हात आखडतात असं गार) आणि बरणी उचलून परातीत ठेवली.

टण्ण! एवढाच आवाज. मी घाबरून बरणी गळ्याशी धरून वर उचलली, तर तोंड माझ्या हातात आणि बूड परातीत. सगळा सोडा सांडला. आणि ती परात, आक्का, ती परात उकळायलाच लागली! फेस, बुडबुडे, काळी पडतेय, ओट्यावर पाणी धावतंय. माझ्या हातावर उडालेलं आधी नुसतं बुळबुळीत लागलं, मग अशी आग झाली की मी आईच्या नावाने हंबरडा फोडला. एक थेंब चष्म्याच्या काचेवर आला. चष्मा नसता तर, असं मी आता मनातसुद्धा म्हणत नाही.

उज्वला साडी खोचून भिंत ओलांडून आली. (सांगत होते, उंच करू या.) आली ती तिने माझा चष्मा उपटून फेकला, मला ओढत अंगणात नेलं आणि मळ्याची मोटार चालू करून पाइप माझ्या हातावर धरला. मी ओरडतेय, लिंबू पिळ, तूप लाव, हळद लाव. ती म्हणतेय, काही नाही लावायचं, नुसतं पाणी, गप उभ्या राहा. किती वेळ! जानेवारीची थंडी, अंगावरचं लुगडं ओलंचिंब, दात वाजताहेत, आणि भागीबाई आपल्या दारात उभी राहून सगळं बघतेय. तिच्या हातात माझी गाळणी होती.

डॉक्टरांनी हात बघितला, पट्टी बांधली आणि विचारलं, पाणी कोणी ओतलं? मी मानेने उज्वलाकडे दाखवलं. तर माझी विचारपूस राहिली बाजूला, तिचीच स्तुती! लगेच पाणी मिळालं म्हणून हात वाचला म्हणे, बाईंचं डोकं ठिकाणावर होतं म्हणे. माझाच हात भाजला आणि शाबासकी तिला.

परत येताना रिक्षात तिने मला समजावलं, तेही गोड बोलून, त्याचा मला जास्त राग येतो. लोणचं काचेत राहतं कारण लोणचं तापत नाही. जाड काच आतून एकदम तापली आणि बाहेरून गार लागलं की तडकतेच. शिवाय असला सोडा काचेलाही हळूहळू खातो. आणि परात जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, तिच्याशी तर त्याचं उभं वैर. म्हणून बादली, म्हणून अंगण, म्हणून मोजे. मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंस? तर म्हणते, तुम्ही विचारलंत कुठे? मग मी पंचवटीपर्यंत रिक्षावाल्याशीच बोलले.

तर असं आहे. रथसप्तमी तोंडावर, वाणाचा पत्ता नाही, आळीत मी मान वर करून चालू शकत नाही. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. थंडीत पाय उघडे टाकून झोपू नकोस.

तुझी,
नवसा

ता. क. बरणी कुठली ते तू ओळखलं असशीलच. आपल्या दोघींना आईने एकसारख्या दिल्या होत्या, त्यातली माझी. आई आली की आधी स्वयंपाकघरातली फळी बघते, तुला माहीत आहे. तेव्हा तुझी बरणी रिकामी करून, चिंध्यांत गुंडाळून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती रथसप्तमीच्या आत पाठव. हे सगळं पत्र त्यासाठीच आहे. आई गेली की परत करीन.

ता. क. २. उज्वलाला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही.

ता. क. ३. आक्का, नमस्कार. लिहिणारी मी, उज्वला. ताईंनी सांगितलं तसं सगळं लिहिलंय, एक अक्षर गाळलं नाही. समोर बसून बोलत होत्या आणि मध्ये मध्ये विचारत होत्या, लिहिलंस ना नीट? फक्त 'गोड बोलून' जिथे आहे तिथे दुसरा शब्द होता, तो मला लिहवला नाही. आता खरं सांगते. माझ्या घरात मी काहीही रांधलं तरी आमचे हे दुपारी भिंतीपाशी वाटी घेऊन उभे राहतात, वहिनींचं लोणचं द्या म्हणून. मी मीठ तेच घेते, आंबे एकाच झाडाचे, तरी मला तसं जमलं नाही. साबणाच्या वर्गाला मी त्या वाटीपायी गेले. स्टीलच्या डब्यात काढलेलं लोणचं मी लगेच काचेच्या छोट्या बाटल्यांत भरून ठेवलंय, माझ्या घरी, झाकणाला लाल कापड बांधून. वाण म्हणून तेच द्यावं असं मला वाटतं. भागीबाईने नाकाला लावलं तर झोंबेल, पण जेवताना आठवण काढील. मी सुचवलं तर ताई ऐकणार नाहीत. तुम्ही उत्तरात तुमची कल्पना म्हणून लिहा. आणि तुमची बरणी पाठवाल ती भरलेलीच पाठवा, रिकामी दिसली की ताईंचा हात पुन्हा साबणासाठी शिवशिवेल. एवढं काय लिहितेस, वाच, म्हणून मागे लागल्यात. 'बरणी नीट बांधून पाठवा' एवढंच लिहिलंय म्हणून सांगते.