उरलेल्या चोवीस मिनिटांबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग (डिजिटल दूरचित्रवाणी),
विभागीय कार्यालय, पनवेल.

(कंपनीचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. नाव लिहिले की आपण कागद वकिलाकडे धाडता आणि तो तिथेच राहतो. हा कागद आपण स्वतः वाचावा.)

अर्जदार : जगन हाशा केणी, वय ५४, रा. सुकापूर, ता. पनवेल, जि. रायगड.

विषय : एक वाहिनी पाहत असताना दुसरी रेकॉर्ड न झाल्याबाबत; तसेच दि. १६ फेब्रुवारी २०२५ रोजी सायंकाळी ७ वाजताच्या कार्यक्रमाची उरलेली चोवीस मिनिटे आपल्या साठ्यात आहेत की नाहीत, हे लेखी कळविण्याबाबत.

संदर्भ : १) माझी दूरध्वनीवरील तक्रार, दि. २४ मे २०२५. २) तक्रार निकाली निघाल्याचा आपला मोबाइल संदेश, दि. ३१ मे २०२५. ३) नंतरचे माझे चार अर्ज, ज्यांची पोचही आपण दिलेली नाही.

महोदय,

आपण खोटे बोललात. आपल्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापले आहे, "एक वाहिनी पाहा, त्याच वेळी दुसरी रेकॉर्ड करा." मी एक पाहिली. दुसरी रेकॉर्ड झाली नाही. आणि तक्रार केली तर आपण मला नवा बॉक्स फुकट पाठवलात व कळवलेत की, "आपले समाधान झाल्याबद्दल आनंद वाटतो." माझे समाधान झाले हे आपणांस कोणी सांगितले? त्या माणसाचे नाव व हुद्दा कळवावा.

१. मी सातवी शिकलेला आहे. त्यापुढचे सगळे शिक्षण सरकारी कागद वाचून झाले. सिडकोची पत्रे, मोजणीचे नकाशे, नोटिसा, शासन निर्णय. सुकापुरात कोणाला काही लिहून हवे असले की माझ्या ओटीवर येतात. गावात मला अर्जवाला म्हणतात, काही जण कौतुकाने, काही जण दुसऱ्या अर्थाने. मी कागदाची मागची बाजू आधी वाचतो, अशी माझी ख्याती आहे. हे पुढे लागेल, म्हणून आधीच नमूद करतो.

२. माझी आई कै. ठमाबाई हाशा केणी ही धवलारीण होती. आपण बाहेरगावचे असाल तर सांगतो : आम्हा आगऱ्यांच्या लग्नात बायका गाऊन देवांना आणि घरच्या मेलेल्या माणसांना नावानिशी मांडवात बोलावतात. त्या गाण्याला धवला म्हणतात आणि म्हणणारीला धवलारीण. ती एकटी म्हणत नाही. ती बोल टाकते, शेजारची तो झेलून पुढे नेते. माझ्या आईचा बोल चाळीस वर्षे शकूने झेलला. शकू आमची नात्याने कोणी नाही. पण आईच्या डाव्या हाताला तिच्याशिवाय दुसरी कोणी बसलेली मी पाहिली नाही.

३. एका मराठी वाहिनीने लग्नगीतांच्या कार्यक्रमासाठी या दोघींचे चित्रण केले. अर्ध्या तासाचा कार्यक्रम, आमच्या घरचा पूर्ण धवला, आमच्या सगळ्या पूर्वजांच्या नावांसह. आईला दम लागत होता. तिने मुद्दाम सगळी नावे घेतली, कारण माझी मुलगी भाविका हिचे लग्न ठरत होते. ती म्हणाली होती, "मी असली नसली तरी माजे नातीचे मांडवात तो डबा लावा." डबा म्हणजे आपला बॉक्स.

४. कार्यक्रम दि. १६ फेब्रुवारीला लागायचा होता. नेमकी त्याच संध्याकाळी ओवे गावात एका घरी हळद होती आणि तिथे आई व शकूला धवल्याचे बोलावणे होते. घरातली सगळी मंडळी त्यांच्याबरोबर गेली. मी एकटा मागे राहिलो. आई रिक्षात बसताना म्हणाली, "बाला, भरून ठेव रं. आयल्यावर बगते." ती रेकॉर्ड करण्याला भरणे म्हणायची. मी रेकॉर्डिंग लावले. बॉक्सवर लाल दिवा लागला, तो मी पाहिला.

५. आई दि. ११ मे रोजी वारली. दि. २३ मे रोजी, तेराव्याला, दारात मांडव होता. जेवणे झाल्यावर मी टीव्ही बाहेर आणून लावला आणि सर्वांना सांगितले की, आता आईचा आवाज ऐका. रेकॉर्डिंग सुरू झाले. निवेदकाने माहिती दिली, जाहिराती झाल्या, मग आई दिसली. तिने आधी शकूचा पदर सारखा केला. मग खाकरली. मग निवेदकाकडे बघून तिने विचारले, "म्हनू का, बाला?" ती कोणालाही बाला म्हणायची.

आणि रेकॉर्डिंग संपले. एकूण सहा मिनिटे. पडद्यावर आपल्या बॉक्सने विचारले की, हे पुसायचे की ठेवायचे.

मांडवात चाळीसएक माणसे होती.  पुढच्या रांगेत शकू बसली होती, ती टीव्हीकडे बघून म्हणाली, "म्हन की गो." आणि थांबली. तिला वाटले, आता बोल येईल आणि आपल्याला झेलायचा आहे. ती तोंड किंचित उघडे ठेवून किती वेळ थांबली हे मी मोजले नाही. माझा आतेभाऊ केतन मागून म्हणाला, "जगनदादा, रिमोट नीट दाब." मी दाबला. पुन्हा निवेदक आला.

६. इथपर्यंतचा मजकूर माझ्या आधीच्या चारही अर्जांत आहे. यापुढचा नाही. आपण माझ्या अर्जांना उत्तर दिले नाही, त्यामुळे मला ते पुन्हा पुन्हा लिहावे लागले, आणि प्रत्येक वेळी लिहिताना एकेक गोष्ट मी गाळतोय हे मलाच दिसत गेले. दुसऱ्यांच्या कागदातली गाळलेली ओळ मी बोट ठेवून दाखवतो. म्हणून आता लिहितो.

आपला कर्मचारी हरेश दिवाळीत बॉक्स बसवायला आला, तेव्हा त्याच्याकडे दोन वायरी होत्या. त्याने मला स्पष्ट सांगितले होते, "काका, एक बघायचं आणि दुसरं भरायचं तर छत्रीपासून दोन वायरी लागतात. एकीवर एकच चालतं." दुसरी वायर आत घेण्यासाठी हॉलच्या भिंतीला आणखी एक भोक पाडावे लागणार होते. आमच्या नव्या बंगल्याचा रंग आठच दिवसांपूर्वी झाला होता. मी म्हणालो, "भोक नको. एकच घे." त्याने फॉर्मवर तसे लिहून माझी सही घेतली. ती सही माझीच आहे, मी नाकारत नाही. आपल्या माहितीपत्रकावरही अगदी तळाला ही अट बारीक अक्षरांत आहे. मी ती वाचलेली होती. सबब, आपण खोटे बोललात हे वरचे वाक्य मी मागे घेत नाही, पण ते मोठ्या अक्षरांपुरतेच धरावे. हरेशचा यात कणभर दोष नाही. त्याला जाब विचारलात तर माझ्याशी गाठ आहे.

७. सात वाजून सहा मिनिटांनी मी वाहिनी बदलली. बॉक्सने मला अडवले. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या की, दुसरी वाहिनी पाहिल्यास चालू रेकॉर्डिंग थांबेल, चालेल काय? मला तेवढे इंग्रजी वाचता येते. मी ते वाचले नाही. हो म्हणायचे बटण दाबले. लाल दिवा विझला. तो विझलेला मला दिसला होता. बघतो नंतर, असे मनात म्हटले.

८. वाहिनी कशासाठी बदलली? आपण हे विचारणार नाही, पण शकूने विचारले. त्याच आठवड्यात गटाराच्या झाकणांसाठी मी दोन दिवस उपोषणाला बसलो होतो. एका बातम्यांच्या वाहिनीने माझी मुलाखत घेतली होती आणि सात-पाचच्या बातम्यांत लागेल असे कळवले होते. मला स्वतःला टीव्हीवर बघायचे होते. महोदय, बातमी अकरा सेकंदांची लागली. माझा आवाज नव्हता. वर बातमीदार बोलत होता आणि खाली माझा खांदा व अर्ज धरलेला हात दिसत होता. पुन्हा दाखवतील म्हणून मी साडेसातपर्यंत तिथेच बसून राहिलो. तेवढ्यात दुसरीकडे माझी आई माझ्या बापाला, आज्याला, पणजीला नाव घेऊन हाक मारून गेली.

शकू म्हणाली, "अख्ख्या तालुक्याचे कागद वाचतंस. घरचे डब्यान काय लिवलंय ता नाय वाचला."

९. आता सर्वांत वाईट भाग. ओव्याहून परत आल्यावर आईने विचारले, "भरला का?" मी म्हणालो, भरला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, लाव. मी म्हणालो, आता लाइट जाईल. नंतर म्हणालो, रविवारी सगळे मिळून बघू. मला संशय होता, म्हणून मी लावत नव्हतो. मार्चमध्ये तिने विचारले, "शकूचा पदर सरकला व्हता, दिसतं का रं तसं?" मी म्हणालो, "नाही आई, मी पाहिलंय. मस्त आलंय. दोघी छान दिसता." त्या सहा मिनिटांपुढचे काहीही न पाहता म्हणालो. तिने ते जाऊन शकूला सांगितले. त्या दोघी त्यावर खूश होत्या.

वाहिनीच्या कार्यालयाला मी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गाठले. त्यांनी सांगितले की ते चित्रण नव्वद दिवस ठेवतात, मग पुसतात. मी अठ्ठ्याण्णव... नाही, मी मोजून ठेवले आहे, सत्त्याण्णवाव्या दिवशी गेलो होतो. आईने पहिल्यांदा लाव म्हटले तेव्हाच लावले असते, तर एकोणनव्वद दिवस हातात होते.

१०. एक गोष्ट मी आपल्या खात्याकडून समजून घेऊ इच्छितो. आमच्या गच्चीवर आपली छत्री आहे. हरेश म्हणतो, छत्रीवर सगळ्याच वाहिन्या कायम पडत असतात, कोणी बघो न बघो. खाली तेवढीच येते जेवढी वायर आणते. म्हणजे त्या संध्याकाळी आईचा अख्खा धवला माझ्या गच्चीपर्यंत आला होता. माझ्या डोक्यावर बारा फुटांवर होता. भिंतीला भोक नको म्हणून मी तो घरात घेतला नाही. हे मी बरोबर समजलो आहे काय? बरोबर असल्यास तसे लिहावे. चूक असल्यास कृपया लवकर लिहावे.

११. आपल्या मदत केंद्रातील एका मुलीने मला फोनवर सांगितले, "सर, काही वाहिन्यांचे जुने कार्यक्रम आमच्या साठ्यात वर्षभर राहतात, पण बघायला वरून लेखी परवानगी लागते." तिने नाव सांगितले नाही, मीही विचारले नाही. ती खोटे बोलली असेल असे वाटत नाही. ती बोलताना एकदा "तुमच्या आई" म्हणाली होती, "ग्राहक" नाही.

१२. भाविकाचे लग्न वर्षाच्या आत उरकायचे भावकीने ठरवले. मांडव दि. ५ डिसेंबर, लग्न दि. ७ डिसेंबर. दुसऱ्या गावच्या धवलारणी येतील, पण आमची नावे त्यांना ठाऊक नाहीत. नावे शकूला ठाऊक आहेत. चाळीस वर्षे झेलून तिला सगळा धवला येतो, हे ती मान्य करते. पण ती सुरुवात करायला तयार नाही. तिचे म्हणणे असे की, पुढचीचा आवाज कुठे शिल्लक असेल तर मागचीने आधी तोंड उघडायचे नसते, तो तिचा अपमान होतो. ठमा टीव्हीत थांबलेली आहे, तिने विचारलेले आहे, तिचे होऊ दे.

मी तिला सांगितले की, आता ते कुठेच नाही, तू सुरू कर. ती म्हणाली, "तू तवा बोललास मस्त आयलाय. आता बोलतंस नाय. तुजा काय आयकनार नाय मी. कागद दाव."

महोदय, मी आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलो की, तोंडी काही मानू नका, कागद मागा. माझ्या घरात आता माझ्या तोंडी शब्दाला किंमत नाही आणि ती मीच घालवली.  भाविकाने ती सहा मिनिटे मोबाइलवर उतरवून घेतली आहेत आणि ती ऐकते. स्वयंपाकघरातून मला तेवढाच प्रश्न ऐकू येतो.

नवा बॉक्स खोक्यातून न काढता परत करीत आहे. नुकसानभरपाई नको. माझ्यावर दोष ठेवून उत्तर दिलेत तरी माझी हरकत नाही. त्याची प्रत मी स्वतः गावच्या फळ्यावर लावीन.

सोबत जोडले आहे :
१) वायर नाकारल्याच्या फॉर्मची प्रत, माझ्या सहीसह.
२) माहितीपत्रक, मोठी व बारीक अक्षरे दोन्ही अधोरेखित करून.
३) आईच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
४) लग्नपत्रिका. हे जोडपत्र नव्हे, निमंत्रण समजावे.

मागणी एकच आहे. ती चोवीस मिनिटे आपल्याकडे असतील तर द्यावीत, शकू झेलायला बसलेली आहे. नसतील तर "नाहीत" एवढाच शब्द, सही-शिक्क्यासह, कागदावर लिहून द्यावा, म्हणजे तो तिच्या हातात ठेवता येईल आणि ती आपला पहिला बोल टाकील. मोबाइल संदेश चालणार नाही, तिला वाचता येत नाही. शिक्का तिला ओळखता येतो.

आहेत की नाहीत? ५ डिसेंबरच्या आत उत्तर द्या.

आपला, निम्म्याहून अधिक दोषाचा धनी,

(सही)
जगन हाशा केणी
सुकापूर, दि. १७ नोव्हेंबर २०२५