गाडीतली तिसरी गाळणी

ती. आत्यास,

तुझ्या भाच्याचा खाली वाकून नमस्कार. इकडे सगळे धडधाकट आहेत. तिकडे तुझे गुडघे, तुझी दाढ आणि तुझी शेजारीण या तिघांनीही तुला छळणं थांबवलं असेल, अशी आशा करतो. आई विचारते, डोळ्यांत औषध वेळेवर घालतेस का. (घालत नसशीलच, पण तिनं विचारलं हे कळवणं माझं काम.) बायको नमस्कार सांगते. ती सध्या माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे तिनं तसा तो सांगितलेला नाही, पण बोलत असती तर नक्की सांगितला असता. ती का बोलत नाही ते पुढे ओघानं येईलच, आणि ते वाचताना तू बसलेली असावीस असं मला वाटतं.

आतोबा गेल्यावर त्यांचा ट्रक तू मला दिलास. किल्ली हातावर ठेवताना एवढंच म्हणालीस की गाडीत काही घालू नकोस आणि गाडीतलं काही काढू नकोस. मला वाटलं, म्हातारं माणूस, वस्तूंत जीव अडकतो. (म्हातारं हा शब्द खोडणार होतो, पण पत्रात खाडाखोड केलेली तुला खपत नाही.) गाडी उत्तम चालत होती. पण उत्तम चाललेलं यंत्र पुरुषाला बघवत नाही, असं माझी बायको म्हणते. म्हणायची. मी गाडीखाली शिरलो आणि डिझेलची नळी कुठून कुठे जाते ते बघत बसलो. तर टाकीतून निघालेलं डिझेल आधी एका काचेच्या बरणीत, तिथून जाड गाळणीत, तिथून बारीक गाळणीत आणि मग कुठे पंपात. तीन तीन गाळण्या! दोन तरी कंपनीच्या होत्या. पण ती बरणी आतोबांनी स्वतःच्या हातानं जुळवलेली होती, वर पत्र्याचं झाकण, खाली पितळी तोटी, आणि तारेचे असे वेढे की जणू ती पळून जाणार होती. मला तिची लाज वाटली. इतर ड्रायव्हर आपल्या गाड्यांना आरसे लावतात, झालर लावतात, आणि आपण खाली बरणी बांधून हिंडायचं. मी ती काढली आणि भंगारवाल्याला देऊन टाकली.

मग नव्या गाळण्या आणायला गेलो. त्या दुकानदारानं इंजिन कुठलं, वय काय, धूर काळा की पांढरा, आधी काही दुखणं झालं होतं का, अशी सोयरीक जुळवायला बसल्यासारखी चौकशी केली आणि शेवटी समोर तीन डबे ठेवले. एक जाड, एक मध्यम, एक बारीक. मी म्हटलं, जितकं बारीक तितकं चांगलं, दोन्ही जागी बारीकच द्या. त्यानं मान डोलावली. (नंतर कळलं, तो कुणाच्याही म्हणण्याला मान डोलावतो. मानेचा विकार आहे.) दोन्ही बारीक गाळण्या बसवून निघालो तर सपाट रस्त्यावर गाडी ठीक, पण जरा चढ आला की दमेकऱ्यासारखी धापा टाकायला लागली.

शेवटी पंपवाल्या बाईंकडे गेलो. डिझेलचे पंप दुरुस्त करणाऱ्या या बाई आतोबांच्या ओळखीतल्या. आवाज एवढा की इंजिन चालू असताना त्यांना बोलण्यासाठी ते बंद करावं लागत नाही. त्यांनी खाली एकदा वाकून पाहिलं आणि मला जे सुनावलं त्यातलं पत्रात लिहिण्यासारखं एवढंच, की पीठ चाळताना कुणी आधी कापडातून आणि मग चाळणीतून चाळतं का? आधी जाड, मग बारीक. जाडीनं खडा अडवायचा, बारकीनं धूळ. आणि या दोघींच्याही आधी पाणी अडवायचं, कारण डिझेलमध्ये पाणी येतं, ते जड म्हणून तळाला बसतं, आणि बरणीत दिसलं की तोटी उघडून सोडून द्यायचं. त्यांनी जाड-बारीक नीट लावून दिल्या. मग हात पुसता पुसता एकदम हळू आवाजात विचारलं, बरणी कुठाय. त्या हळू बोलल्या याचंच मला जास्त भय वाटलं.

मी भंगारवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, ती तर तुमच्याबरोबरचे गृहस्थ घेऊन गेले. मी म्हटलं, माझ्याबरोबर कुणी नसतं. तो म्हणाला, असं कसं, तुम्ही ती द्यायला आलात तेव्हा केबिनमध्ये शेजारी बसलेले होते की, उंच, वाळलेले, गळ्याला राखाडी मफलर. या उकाड्यात मफलर? मला वाटलं, बनवतोय. पण मग वजनकाट्यावर रिकामी गाडी उभी केली आणि मी खाली उतरलो, तर काट्यावरचा माणूस खिडकीतून म्हणाला, त्यांनाही उतरायला सांगा, एका माणसाचं वजन जास्त दाखवतंय. केबिन रिकामी होती. मी उगाच दार उघडून, 'उतरा हो,' असं म्हटलं. काटा खाली आला. आत्या, मी भित्रा नाही हे तू जाणतेस. पण त्यानंतर परत केबिनमध्ये चढताना मी जरा थांबलो, की आधी त्यांना चढू द्यावं का.

बायकोचं प्रकरण याच आठवड्यातलं. ती माझा डबा घेऊन गाडीपाशी आली. मी चाकाची हवा बघत होतो. तिनं डावीकडचं दार उघडलं, पायरीवर पाय ठेवला आणि आत कुणाला तरी म्हणाली, 'असू द्या, मी बसत नाहीये, तुम्ही कशाला सरकता.' मग मला विचारलं, हे कोण. मी म्हटलं, कोणी नाही. ती म्हणाली, माणूस शेजारी बसवून वर कोणी नाही म्हणता, घरी का नाही आणलं त्यांना, एवढे खराब झालेत. तेव्हापासून अबोला. तिला वाटतं मी काहीतरी लपवतोय. मलाही तसंच वाटतं, फक्त काय ते मला कळत नव्हतं. मी मनात धरून चाललो होतो की हे आतोबा असणार. पण आतोबा बुटके, गोल, आणि जिवंतपणी कधी ड्रायव्हरची जागा सोडून बसले नाहीत. गेल्यावर बसतील?

मग तो धरणाजवळचा चढ आला. भर दुपार, लख्ख ऊन, मागे फरशांनी भरलेली गाडी. अर्ध्यात इंजिननं दोन ठसके दिले आणि गप्प झालं. डिझेलमधलं पाणी थेट पंपात गेलं होतं, हे नंतरचं शहाणपण. त्या वेळी एवढंच कळलं की ब्रेक दाबूनही गाडी मागे सरकतेय. खाली वळण, वळणापलीकडे पाणी. हँडब्रेक ओढला, तोही घसरला. डावीकडचं दार उघडल्याचा आवाज आला. आरशात पाहिलं तर कुणीच नाही. मग मागून धप्प असा एक दणका, आणि गाडी जागच्या जागी थांबली. उतरून मागे गेलो तर आपला लाकडी ठोकळा मागच्या चाकाखाली अगदी बरोबर बसलेला होता. तो ठोकळा डाव्या सीटखाली असतो आणि मला दोन्ही हातांनी उचलावा लागतो. परत केबिनपाशी आलो तर शेजारच्या सीटवर ती काचेची बरणी. लख्ख पुसलेली, तारेसकट.

मी तिथेच, रस्त्याच्या कडेला, गाडीखाली झोपून ती बरणी जोडली. पाना दोनदा कपाळावर पडला. मग हातपंप मारून नळीतली हवा काढली. बरणी भरली, आणि तळाशी पाणी वेगळं झालेलं स्वच्छ दिसलं. तोटी उघडून ते सोडलं. परत भरली, परत सोडलं. गाडी सुरू झाली. मी कुणाकडे न बघता मोठ्यानं म्हटलं, 'बसा.' दार लागलं.

संध्याकाळी पंपवाल्या बाईंना सगळं सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं. त्या स्टुलावर बसल्या आणि मला शिडीकाकांबद्दल सांगितलं. तुला मी काय सांगणार, तूच त्यांना जेवायला वाढलं आहेस. आतोबांचे जोडीदार, इतके उंच की सगळे शिडीच म्हणत. त्याच चढावर, असंच डिझेलमध्ये पाणी येऊन गाडी बंद पडली, ठोकळा लावायला उडी मारून उतरले, आणि चाकाखाली गेले. गाडी मात्र थांबली, आतोबा वाचले. त्यानंतर आतोबांनी महिनाभर गाडी हलवली नाही आणि ती बरणी करत बसले. हे तू मला किल्ली देताना सांगितलं असतंस तर मी विश्वास ठेवला नसता, हे तुझ्या आधीच लक्षात आलं असणार.

गाडी आता फार छान चालते. आधी पाणी, मग खडा, मग धूळ. रोज सकाळी तोटी सोडतो. शेजारी कुणी काही बोलत नाही, पण मी वेगात वळण घेतलं की घसा खाकरल्याचा आवाज येतो. सवय झाली आहे. प्रकृतीला जप.

तुझा आज्ञाधारक (म्हणजे यापुढे),
भाचा

ता. क. : मुळात पत्र लिहायला घेतलं ते या कामासाठी. आईला तुझ्याकडे राहायला यायचं आहे. बसमध्ये तिचं डोकं गरगरतं, म्हणून ती ट्रकनं येणार म्हणते. पुढे जागा दोनच. शिडीकाका आतोबांचंसुद्धा ऐकत नसत, फक्त तुझं ऐकत, असं पंपवाल्या बाई म्हणाल्या. तर त्यांच्या नावानं दोन ओळी लिहून पाठव, की एवढ्या खेपेला सीटमागच्या फळीवर आडवे व्हा. मी मोठ्यानं वाचून दाखवीन.

ता. ता. क. : वरचं लिहून ठेवलं आणि आज नेमकं तुझ्याच बाजूचं भाडं मिळालं. तुझ्या फाट्यावर टायरात दगड अडकला म्हणून उतरलो. दगड काढत होतो तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं आणि हलकेच लागलं. गाडीखालून पाहिलं, तर पलीकडे दोन लांबलचक पाय, कॅनव्हासचे बूट, तुझ्या गल्लीच्या दिशेनं चाललेले. मी हाक मारली नाही. माल वेळेवर पोचवायचा होता. तेव्हा चिठ्ठी पाठवू नकोस, आता तिची गरज नाही. पत्र टपालानं येणार, ते पायी निघाले आहेत, म्हणजे तू हे वाचतेस तोवर ते पोचलेले असतील. येताना मला केबिन फार मोठी वाटली. त्यांचं तिथे मन रमलं तर राहू दे, तुलाही सोबत होईल. नाही रमलं तर फाट्यावर आणून सोड, मी दर आठवड्याला तिथे थोडा वेळ गाडी उभी करीन. ती जागा त्यांचीच राहू दे, आईला मी बसनंच आणतो.