ब्रॉन्झ टर्की की लहान पांढरी

बाबा, कोवलमच्या पुढे तुम्ही घेतलेल्या जमिनीवर आता टर्की पक्षी आहेत. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि एवढ्या काळाने पहिली बातमी ही द्यावी याचं माझं मलाच हसू येतंय. कारखान्यातून निवृत्त झालो की तिथे आंबा लावणार, असं तुम्ही म्हणायचात. ते राहून गेलं. विहीर आहे, नारळाची झाडं आहेत, आणि दर रविवारी बसने जाऊन तुम्ही उभी केलेली ती एक खोली आहे. दोन वर्षांपूर्वी मी शहरातली, पेरुंगुडीच्या ऑफिसातली नोकरी सोडली आणि आईला घेऊन तिथे राहायला आले. आई म्हणाली, "वर्षभर बघू. नाही जमलं तर जमीन विकायची आणि पुण्याला मावशीजवळ जायचं. कबूल?" मी कबूल म्हटलं.

टर्की सुचवली शेजारच्या अक्काने. तिच्या कोंबड्या आहेत. "नाताळ जवळ आला की लोक माझ्या दारात वानकोळी मागतात," ती म्हणाली. टर्कीला तमिळमध्ये वानकोळी म्हणतात, तुम्हाला माहीत असेलच. मी चेंगलपट्टूच्या बाजूच्या एका फार्मवर गेले. तिथे दोन जाती होत्या. एक मोठी ब्रॉन्झ, तांब्यासारख्या चमकणाऱ्या पिसांची. दुसरी बेल्ट्सव्हिल, लहान, पांढरी, लांबून बदकासारखी वाटणारी. ब्रॉन्झच्या नराने माझ्यासमोर शेपूट पसरलं, गळ्याखालची लाल झालर हलवली, आणि मी दहा मिनिटांत ठरवून टाकलं. फार्मवाला म्हणत होता, "मॅडम, हे फार जड होतात." मला वाटलं, जड झाले तर चांगलंच की.

जड झालेच. इतके, की नर लंगडायला लागले. माद्यांनी अंडी दिली, आम्ही अठ्ठावीस दिवस वाट पाहिली, एकही पिल्लू निघालं नाही. अक्काने अंडं उजेडासमोर धरलं, आत काहीच नव्हतं. एवढ्या वजनाच्या नरांना मादीशी जुळताच येत नाही, कृत्रिम रेतन करावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. मग मे महिना आला. अग्निनक्षत्राच्या, सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत एका दुपारी आई बादलीने पाणी आणतेय, मी एका नराच्या अंगावर ओलं गोणपाट टाकतेय, आणि तो चोच उघडी ठेवून नुसता धापा टाकतोय. तो गेला. संध्याकाळपर्यंत दुसराही गेला. आई खोलीत जाऊन बसली. तिने कुकर लावला नाही की दिवा लावला नाही. "मुक्या जिवांचे हाल करायला यांनी जमीन घेतली नव्हती," एवढंच म्हणाली.

त्या आठवड्यात मला सारखी टी. नगरची ती दिवाळीची खरेदी आठवत होती. मी आठवीत होते. उंच टाचांच्या लाल सँडल हव्यात म्हणून मी दुकानात अडून बसले, आणि घालूनच बाहेर पडले. बसस्टॉप येईपर्यंत दोन्ही टाचा सोलल्या. तुम्ही माझ्या सँडल एका हातात घेतल्या, तुमच्या चपला मला दिल्या आणि त्या गर्दीतून अनवाणी चालत राहिलात. बस आल्यावर म्हणालात, "दुकानात चार पावलं चालून का नाही बघितलंस? आरशात बघत बसलीस." मी खिडकीकडे तोंड करून रडले होते. पायांपेक्षा त्या बोलण्याने जास्त.

पुन्हा फार्मवर गेले तेव्हा मी त्या माणसाला म्हटलं, "पांढऱ्या टर्की बाहेर सोडा. मला त्यांना चालताना बघायचंय." तो हसला, पण सोडल्या. भर उन्हात त्या चिंचेखाली पळाल्या, किडे टिपले, एक तर कुंपणावर उडून बसली. आईने दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाली. एक दिवसाची पंचवीस पिल्लं आम्ही खोक्यातून घरी आणली.

बाबा, टर्कीच्या पिल्लांना खायचं कसं ते कळत नाही. समोर दाणे असतात आणि ती उपाशी उभी राहतात. अक्का म्हणाली, शिकवावं लागतं. मी हो म्हणेपर्यंत आई पाटावर बसलीसुद्धा होती, आणि बोटाने दाण्यांवर टकटक करत होती. "हे बघ, असं. असं रे बाळा." तुम्ही गेल्यापासून तिचा तो आवाज मी ऐकला नव्हता. तीन दिवस ती तिथून हलली नाही. दोन पिल्लं दगावली, तेवीस जगली. या वर्षी त्यांच्याच अंड्यांतून नवी पिल्लं निघाली, आणि पुण्याचा विषय आई काढत नाही. उलट विहिरीजवळ आंबा लावायला खड्डा घे म्हणतेय.

आता एक सांगायचं राहिलं. आई त्या दोन दिवसांत पांढऱ्या टर्कींसाठी तयार झाली ती माझ्या समजावण्याने नाही. मी तिला म्हटलं, "बाबा म्हणायचे, या जमिनीत जे काही कराल ते लहानापासून सुरू करा." तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हतात. पण आई आता ते सगळ्यांना सांगते. अक्काला तर परवा तमिळमध्ये सांगितलं, तुम्ही कुठे उभे होतात, अंगात कुठला शर्ट होता तेही सांगितलं. मी मान डोलावली. हे पत्र तिच्या हाती लागायला नको, म्हणून फाडून टाकणार आहे. आणि खरं सांगू, हल्ली ते वाक्य मलाही तुमच्याच आवाजात ऐकू येतं.