नऊ गाड्यांची हवा

शनिवार, ६ सप्टेंबर १९९७

“सर को लेके आइए, मॅडम.”

आज तिसऱ्या दुकानात हेच! कॉम्प्रेसर मला घ्यायचाय, यादी माझ्या हातात, प्रश्न मी विचारतेय – आणि काउंटरवरचा माणूस माझ्या खांद्यावरून मागे बघतोय, कोणी पुरुष येतोय का म्हणून. मोटरला किती करंट लागतो, विचारलं. म्हणाला, कलर में दो है, रेड और ब्लू.

मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे माझा. पुण्यात साठ पोरांच्या वर्गात मी एकटी मुलगी होते. इथे आखातात, वाळवंट-सफारीच्या कंपनीत परचेसला बसून टिश्यू पेपर आणि पाण्याचे क्रेट मागवते.

विजयकुमारना – आमचे ऑपरेशन्स मॅनेजर – सगळं सोपं वाटतं. “थ्री कोटेशन्स, चीपेस्ट वन, खलास.” सीझन पुढच्या महिन्यात सुरू होतोय. नऊ लँड क्रूझर, आणि गेल्या वर्षीची हवा भरायची यंत्रं सगळी मेलेली. हवेशिवाय वाळवंटात गाडी पाठवायची म्हणजे काय, हे त्यांना कोण सांगणार?

मी सांगणार. बघतेच.

मंगळवार, ९ सप्टेंबर

तीन नमुने आणले. सह्या करून, परत देण्याच्या बोलीवर.

हमदुल्लाला दाखवले. आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर, मर्दानकडचा पठाण, अकरा वर्षं हत्ता रोडच्या लाल टेकड्यांवर गाडी चालवतोय. त्याने मला खाली बसवून चाक दाखवलं. वाळूत शिरायच्या आधी हवा काढायची, पस्तीसवरून पंधरावर. चाक पसरतं, उंटाच्या पायासारखं, म्हणून रुतत नाही. पण परत डांबरी रस्त्याला लागलं की आधी हवा भरायची, मगच निघायचं. मऊ चाकाने वेगात गेलं, तर टायर तापतो आणि वळणावर रिमवरून सुटतो.

मला बाजी म्हणतो, म्हणजे ताई. म्हणाला, “बाजी, रेत माफ करती है. रोड माफ नहीं करता.”

ऑफिसात इतकी वर्षं झाली. मला नीट समजावून सांगणारा हा पहिला माणूस.

बुधवार, १७ सप्टेंबर

टेस्ट घेतली. दुपारी दोन वाजता, यार्डात, चव्वेचाळीस डिग्रीत. मुद्दाम. वाळवंटात काय एसी असतो का?

छोटा निळा, गाडीतल्या सिगारेट-लायटरच्या भोकात खुपसायचा: पहिल्या चाकाला बावीस मिनिटं. दुसऱ्या चाकाला नऊ मिनिटांनी बंद! हात लावला तर चटका बसला. अर्धा तास थांबलो, परत सुरू केला, फ्यूज उडाला. शिवाय त्याचा काटा खोटारडा. पस्तीस दाखवतो, हमदुल्लाच्या गेजवर एकोणतीस. नळी इतकी आखूड की मागच्या चाकापर्यंत पोचतच नाही, गाडीतून वायर ओढून घ्यावी लागते.

मधला: बरा. पण पितळी तोटी दोनदा निसटली.

मोठा, बॅटरीला चिमटे लावून चालणारा: एका चाकाला पाच मिनिटं. चारही चाकं सलग भरली, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. तापल्यावर स्वतःच बंद होतो, थंड झाला की परत चालू. आवाज मात्र राक्षसासारखा. जड आहे. किंमत सहाशे चाळीस दिरहम, आपले सहा हजार वर. निळा एकशे दहाला.

कपड्यांना ग्रीस, नाकाची सालं निघालीत. इतकी खूश मी या देशात कधी झाले नव्हते.

शनिवार, २० सप्टेंबर

एका पानाचा रिपोर्ट टाइप करून दिला. खाली ठळक लिहिलं – निळा दुसऱ्या चाकालाच बंद पडतो, चार चाकांसाठी वापरू नये.

विजयकुमारनी उभ्याउभ्या वाचला, कोपऱ्यात ‘सीन’ लिहून सही ठोकली, आणि म्हणाले – निळे घ्या. नऊ.

कारण? गेस्ट! गेस्टना उन्हात मोठा आवाज आवडत नाही, सीटखाली जागा नाही. आणि रस्त्याच्या तोंडाशी जहूरचं टायरचं दुकान आहेच ना. तिथे सगळे ड्रायव्हर मोठ्या मशीनने पाच मिनिटांत हवा भरतात. गाडीतला फक्त इमर्जन्सीला.

मी म्हटलं, इमर्जन्सीला जो चालत नाही तो इमर्जन्सीचा कसा?

हसले. “यू आर टेकिंग टू मच टेन्शन, हेमा मॅडम.”

तळपायाची आग मस्तकात गेली. टेन्शन! बाईने आकडे मांडले की ते टेन्शन.

बुधवार, २४ सप्टेंबर

नऊ निळे डबे आले. ताबा मिळाल्याची सही माझीच.

रविवार, १२ ऑक्टोबर

ऑफिसातून घरी, कुसैसहून शारजा, ट्रॅफिकमध्ये दीड तास. एवढ्यात पुण्याहून लोणावळ्याला पोचेल माणूस. घरी आल्यावर सूर्यकांतला परत सगळं सांगितलं. तो शिपिंग कंपनीत आहे, दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून येतो, माझी कुठे ऐकणार. म्हणाला, तू लिहून दिलंस ना, मग तुझी जबाबदारी संपली.

दिया अभ्यास करत होती. चौदा वर्षांची आहे, मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर येतं. वही वर न करता म्हणाली, “मम्मा, यू आर ऑलवेज अँग्री दीज डेज.”

हो. आहे.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

दिवाळी. चकल्या फसल्या. कोणाशी बोलले नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

संध्याकाळी जहूरचा फोन आला. आधी कळेचना काय बोलतोय.

सकाळची ट्रिप होती. हमदुल्लाची गाडी, दोन जर्मन म्हातारा-म्हातारी. साडेबाराला वाळूतून बाहेर आले. जहूरचं दुकान बंद – शुक्रवारची नमाज. हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. हमदुल्लाने निळा लावला. पहिलं चाक भरलं. दुसऱ्याला यंत्र मेलं. गेस्टचं संध्याकाळचं विमान. त्याने मोबाइलवरून विजयकुमारना विचारलं. उत्तर आलं, थांबू नको, हळूहळू ये.

अकरा किलोमीटरवर वळणात डाव्या बाजूचं मागचं चाक रिमवरून सुटलं. गाडी दोनदा उलटली.

नमाजहून परतताना सगळ्यात आधी जहूरच पोचला. म्हातारीचा हात मोडलाय. म्हाताऱ्याला खरचटलं. हमदुल्लाचं कमरेचं हाड. रस्त्यावर पडल्यापडल्या त्याने जहूरला हे सगळं सांगितलं.

दुसऱ्या चाकाला. मी लिहिलं होतं. दुसऱ्या चाकाला!

शनिवार, ८ नोव्हेंबर

मीटिंग. विजयकुमारनी शांतपणे खापर फोडलं. ड्रायव्हरने हवा तपासली नाही, स्पीडमध्ये होता, पोलिसांनाही हेच सांगितलंय. फोनचं नावच नाही. बाकीचे आठ ड्रायव्हर भिंतीला टेकून उभे.

मी फाइल काढली. वाटलं, रिपोर्ट गायब असणार. नाही! जागच्या जागी, त्यांच्या सहीसकट. त्यांनी लपवलाही नाही, कारण असा काही कागद आहे हेच त्यांच्या लक्षात नाही.

लपवला असता तर इतकं लागलं नसतं.

झेरॉक्स काढून पर्समध्ये टाकली.

सोमवार, १० नोव्हेंबर

सूर्यकांतशी जोरात भांडण. कागद पोलिसांकडे न्यायचा म्हटल्यावर तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, नोकरी जाईल, दुसरी कंपनी विचारणार नाही, दियाची दहावी जवळ आलीय, चार दिवस जाऊ दे, बघू. मी म्हटलं, तुम्ही सगळे चार दिवस जाऊ देणारेच. ताट तसंच ठेवून उठला.

जहूर हॉस्पिटलला जाणार होता. त्याच्याबरोबर संत्री पाठवली हमदुल्लाला. मला जायला वेळ झाला नाही. झाला नाही म्हणजे – रिपोर्ट नीट परत टाइप करत होते, तक्ता मोठा करून.

बुधवार, १२ नोव्हेंबर

दिला!

अर्धी रजा टाकून पोलीस स्टेशनला गेले. अरबी येत नाही, म्हणून तिथल्याच एका हिंदी येणाऱ्या हवालदाराने भाषांतर केलं. तरुण ऑफिसर होता. त्याने मान खाली घालून पूर्ण वाचला. पूर्ण. मग दोनच प्रश्न. टेस्ट कोणी घेतली? मी. ही सही कोणाची? मॅनेजरची.

चहा विचारला. सर को लेके आओ म्हणाला नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

चौकशीचा निकाल आला. चूक कंपनीची. हमदुल्लावर ठपका नाही. जहूरचा जबाबही घेतला होता, फोनची नोंदही निघाली.

अरबाब स्वतः ऑफिसात आले. आमचे मालक, वर्षातून दोनदा दिसतात. केबिनचं दार बंद. पाऊण तासाने विजयकुमार बाहेर आले, खोका घेतला, मुलीचा फोटो आणि चष्म्याची केस त्यात ठेवली. माझ्या टेबलापाशी थांबले. मी तयारच होते. वाटलं, आता शिव्या घालतील.

म्हणाले, “यू शुड हॅव टोल्ड मी फर्स्ट.” आणि गेले.

तुम्हाला सांगितलं नव्हतं? सही कोणी केली होती? ओरडावंसं वाटलं. नाही ओरडले. पण रात्री मस्त झोपणार आहे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आज हॉस्पिटलला गेले. सूर्यकांतने सोडलं, खाली गाडीत थांबला. मी मिठाई नेली होती. आनंदाची बातमी द्यायला!

हमदुल्ला पाठीवर सपाट पडलेला. पाय वजनाला टांगलेला. दाढी वाढून निम्मी पांढरी दिसत होती. मी धडाधड सगळं सांगितलं – टेस्ट, कागद, ऑफिसर, निकाल. तो ऐकत राहिला. मिठाईच्या डब्याला हात लावला नाही.

मग हळूहळू बोलला. मला जमेल तसं लिहून ठेवते, कारण हे मला विसरायला आवडेल.

अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी विजयकुमार त्याच्याकडे आले होते. खुर्चीवर बसून रडले म्हणे. मग ठरलं. हमदुल्लाने म्हणायचं, हवा तपासायची राहिली. दंड कंपनी भरेल. बरा झाला की वाळवंटातल्या कॅम्पवर त्याला बसवायचं, गेस्टना जेवण द्यायची देखरेख, गाडी चालवायची नाही. आणि त्याच्या धाकट्या भावाला ड्रायव्हरचा व्हिसा. भावाचे कागद निघालेही होते.

डॉक्टरांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, क्लच दाबण्याइतका हा पाय परत चालणार नाही.

आता विजयकुमार गेले. ते बोललेलं कोणी मानत नाही. भावाचे कागद परत आले. आणि गाडी न चालवू शकणाऱ्या ड्रायव्हरला, ठपका असो वा नसो, कोण ठेवतं?

मी म्हटलं, पण तुझं नाव खराब होत होतं.

“नाम मेरा था, बाजी.” मग छताकडे बघत म्हणाला, “एक बार पूछ तो लेतीं.”

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागाशी कसं बोलायचं ते मला येतं.

दोन आठवडे तो इथे पडलाय. विजयकुमार दुसऱ्या दिवशी आले. जहूर दर संध्याकाळी येतो. मी आज आले, निकाल लागल्यावर, पेढे घेऊन.

गाडीत सूर्यकांतने विचारलं, कसा आहे. मला रडूच फुटलं. त्याने गाडी बाजूला घेतली आणि माझं रडणं संपेपर्यंत थांबला.

शनिवार, २२ नोव्हेंबर

कोणावर चिडू तेच कळत नाही. विजयकुमारवर चिडून बघितलं. तेवढंसं जमलं नाही. चूक त्यांचीच होती – हे अजूनही खरं आहे. फोनवर ‘ये’ म्हणाले ते. पण तो कागद घेऊन धावत गेले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हमदुल्ला होता का? की रिपोर्ट वाचून हसलेले विजयकुमार?

उत्तर माहीत आहे. लिहीत नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

अरबाबनी बोलावलं. सीझन संपेपर्यंत ऑपरेशन्स मी बघायचं. टेबलही ते वापरायचं, विजयकुमारचं. नऊ मोठ्या कॉम्प्रेसरची ऑर्डर सकाळीच गेली.

दुपारी सहीसाठी पहिला कागद आला. हमदुल्लाचा व्हिसा रद्द करायचा.

सही केलेली नाही. कागद पर्समध्ये टाकलाय. कॅम्पची जागा अजून रिकामी आहे, आणि अरबाब गुरुवारपर्यंत इथे आहेत. भांडायची तयारी आहे. पण आधी हॉस्पिटलला निघालेय, त्याला काय हवंय ते विचारायला.

एकटीच. हातात काही न घेता.