आखूड मैल

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. कर्वेनगर.

इंग्लंडमधल्या त्या छोट्या रेल्वेमार्गावर रविवारी एका मानवरहित फाटकाची नवी घंटा सुरू होणार होती. गाडी फाटकाआधीच्या मैलाच्या दगडापाशी आली की ती वाजणार. हिशेब आमच्या ऑफिसचा, तपासणीची सही माझी.

आज जुना नकाशा सहज उघडला. फार पूर्वी तिथलं वळण सरळ केलं, मार्ग आखूड झाला, पण मैलाचे दगड कुणी हलवलेच नाहीत. म्हणजे तो मैल पूर्ण नाही. गाडी मी धरलं होतं त्यापेक्षा सात सेकंद आधी पोचेल. सात सेकंदांत माणूस कुठवर जातो? कॉरिडॉरमध्ये चालून पाहिलं. अख्खा रूळ ओलांडून होतो; नेमका तेवढाच वेळ कमी पडणार.

सरांना दाखवलं. "अहो, साहेबाचा मैल आहे तो. आपलं 'इथंच, पाच मिनिटांवर' नव्हे!" मी हसले नाही. मग त्यांनी नकाशा जवळ ओढला. "फोन लावा," म्हणाले.

तिथल्या जुन्या देखभाल कर्मचाऱ्याने रविवारची घंटा थांबवली. तो मैल आखूड आहे हे तिथं सगळ्यांना माहीत आहे, म्हणाला. कागदावर का नाही? कुणी विचारलंच नाही. सात सेकंद, आणि कुणी विचारलं नाही. मी तरी कुठे विचारलं?

"असे अजून दोन आहेत," तो सहज म्हणाला.

त्या दोन मैलांवरच्या फाटकांच्या घंटा माझ्याच सहीने महिनाभर चालू आहेत. बंद करा म्हटलं. चालू घंटा थांबवायला वरून परवानगी लागते. सोमवारी बघू, म्हणाला.

तिथे आत्ता दुपार आहे. लोक घंटेवर विश्वासून रूळ ओलांडत असतील.