माशांनी सोडलेली जागा

३ फेब्रुवारी
जाफराबादला एसटीतून उतरले, पुढं जीपनं तलावावर. चार कॅमेरे, लोखंडी चौकटी, सगळं सुखरूप! पुंजाराममामा इथं मासेमारी करतात. महिनाभर त्यांच्याच घरी राहायचं, त्यांच्याच नावेतून कॅमेरे पाण्यात सोडायचे. बारीक मासे थवा करून कसे राहतात, मरळ त्यांची शिकार कशी करतो, ते पाहायचंय. मामा हसून म्हणाले, "जाळं टाका ना ताई, बराबर कळंल." द्वारकामामींनी आग्रहानं दोन भाकरी जास्तच वाढल्या.

६ फेब्रुवारी
चित्रण सुरेख आलंय. मरळ थव्यात शिरला की बारीक मासे पांगतात आणि त्याच्याभोवती रिकामी जागा उरते. हातभर. ती मोजता मोजता दिवस सरला.

९ फेब्रुवारी
तळाच्या कॅमेऱ्यात आज दाराएवढी रिकामी जागा दिसली. मधे काहीच नाही, नुसतं पाणी. मरळसुद्धा पळाले. मामांना दाखवलं. म्हणाले, तिथं आम्ही जाळं टाकत न्हाई. आणि जाळं आवरायला लागले.

१० फेब्रुवारी
तोच कॅमेरा तळाशी अडकला. राहू द्या, असं मी म्हटलं खरं, पण मला तो हवा होता, आणि मामांना ते कळलं. अकरा वीसला त्यांनी बुडी मारली. चार मिनिटांनी नावेच्या पलीकडून वर आले. धापही लागली नव्हती. "न्हाई निघत," एवढंच बोलले आणि वल्हं घेतलं.

१२ फेब्रुवारी
मामी रडत होत्या. मामांनी दोन दिवस घास घेतला न्हाई म्हणाल्या. "अंगावरची कापडं वाळंनात त्यांची. काय करू ताई?"
नावेखाली लावलेल्या कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. मामांनी पाण्यात हात घातला आणि थवा फाटला. दाराएवढा.

१३, सकाळी
अडकलेल्या कॅमेऱ्याचा दोर आपोआप सैल झाला. कॅमेरा ओढून काढला.
दहा तारखेच्या चित्रणात मामा खाली येताना दिसतात. बारीक मासे त्यांच्या पाठीशी लपतात. मग ती रिकामी जागा सरकत येते, त्यांच्यावर —
पावणेबारा. मामा तळाशी. डोळे उघडे.
एक वाजता, बॅटरी संपताना — तिथंच.
मग त्या दिवशी माझ्यासमोर बसून नाव कोण वल्हवत —

१३, दुपारी
घरात कुणी नाही. शेजारी म्हणतात, मामा मामींना नावेत घेऊन गेले.
काठावर उभी आहे. नाव मधोमध. हाका मारल्या. मामींनी हात हलवला —
बारीक मासे पाण्याबाहेर उड्या घेतायत. काठावर, चिखलात, माझ्या पायाशी —
नाव वळली.
नावेत ते एकटेच. हसतायत. "ताई, चला," म्हणतायत, आणि माझा पाय उचल—